बोलपाटी उघडत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजवर स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू. डोक्यात ठेवल्या की त्या फुगत जातात, म्हणून एकदा कागदावर मापात बसवतो.

टेबल — जुन्या दाराच्या फळीचं. कडी होती तिथलं भोक तसंच ठेवलं, त्यातून वायरी खाली सोडल्या आहेत. खुर्ची — चारही पाय जमिनीला नेमके टेकतात, पण करकरते. तीनदा उकलून पुन्हा जोडली, करकर कुठून येते ते सापडत नाही. दोन ॲम्प्लिफायर — एक चालतो, दुसऱ्याचे अवयव पहिल्यात गेले. रेकॉर्डिंगची खोली — म्हणजे कपाटच, आतून जाड रजया ठोकलेलं. एक खुर्ची आणि एक माणूस मावतो, माणसाने गुडघे जवळ घेतले तर. नानांच्या पलंगाचं टेकण. आणि बोलपाटी.

बोलपाटी हातची धरायची का? धरायची. एकेक ओळ मी लिहिली. कुठल्या वर्गाची पायरी चढलो नाही, पुस्तकं आणि चुका एवढ्यावर शिकलो. ज्याची वाचा गेली त्याने मॅक संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रावर बाण न्यायचा, टिचकी मारायची, शब्द मोठ्याने ऐकू येतो. सोळाशेच्या वर शब्द, सगळे माझ्या आवाजात, त्या कपाटात त्या खुर्चीवर बसून म्हटलेले. वडिलांना, म्हणजे नानांना, झटका आला तेव्हा त्यांच्यासाठी केली. नानांनी सगळ्यांत जास्त वापरलेलं बटण — ‘नाही’. ताई म्हणायची, ‘तुझ्याच आवाजात तुला कुणीतरी नाही म्हणतंय, बरं झालं!’

नाना गेले. पाटी राहिली. आता एका दूरच्या उपचारकेंद्रातली माणसं ती वापरतात. मी तिथे कधी गेलेलो नाही. माझा आवाज रोज जातो.

हे सगळं आज लिहायचं कारण — केंद्रावर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचा निरोप आला. केंद्राला कुणीतरी पंधरा नवे मॅक दिले. नवी बोलपाटी त्यांच्यावर बसवली. एकावरही उघडत नाही. सोबत पडद्याचा फोटो. त्यावर यंत्राची सूचना — बोलपाटी खराब झाली आहे, उघडता येणार नाही, कचऱ्यात टाका.

खराब! कचऱ्यात!

४ फेब्रुवारी, बुधवार

माझ्याकडे उघडते. दहा वेळा पाहिलं. दहाही वेळा उघडली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

केंद्राची यंत्रं सांभाळणारा माणूस केंद्रात बसतच नाही. तो भलत्याच गावी बसतो. पंधराही मॅकच्या किल्ल्या त्याच्याकडे — त्याच्या परवानगीशिवाय तिथे कुणाला साधं घड्याळ बदलता येत नाही. तो बसल्या जागेवरून प्रोग्राम पाठवतो, ते एका दमात सगळ्या यंत्रांवर जाऊन बसतात. मी मनात त्याला कुलूपवाला म्हणतो. आज फोनवर गाठला.

‘पोचलंय साहेब. बसलंय. फक्त उघडत नाही.’

म्हटलं, ‘म्हणजे तुमच्या पाठवण्यात खोट आहे.’

‘बाकीचे प्रोग्रामही मीच पाठवतो. ते गुपचूप उघडतात. तुमचाच तेवढा रुसून बसलाय.’

‘माझ्याकडे उघडतो.’

‘हे सगळेच म्हणतात साहेब.’

सगळेच! मी काय सगळ्यांतला आहे?

शेवटी म्हणाला, ‘आवाज बसलाय का तुमचा? गरम काहीतरी घ्या.’ सर्दी आहे म्हणून सांगितलं. सर्दी नाही. सोमवारपासून कुणाशी बोललोच नव्हतो. परवा एक गिऱ्हाईक दुरुस्तीचा स्पीकर ठेवून गेलं, तेही कानाला फोन लावूनच आलं आणि फोन लावूनच गेलं. बिजागर वापरलं नाही की गंजतं. घशाचं निराळं काय?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं बहुतेक. नव्या मॅकमधली चिप वेगळ्या जातीची आहे. माझा मॅक जुना, त्यामुळे बोलपाटी जुन्या चिपची भाषा बोलते. दोन्ही जातींवर चालेल अशी नव्याने बांधली. सकाळी बसलो, दुपार झालेली कळलीच नाही. बांधताना एकही सूचना नाही, एकही चूक नाही — असं क्वचित होतं. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. खिडकीतून पलीकडच्या लाँड्रीतला माणूस दिसतो. तो चादरी वाळत घालत होता. त्याला काय दाखवणार?

बांधून झाल्यावर नेहमीसारखे सगळे शब्द एकदा ऐकले, जिथे हात फिरवायचा तिथे फिरवला, पाठवून दिली.

८ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं — ‘जिवंत आहेस का?’

‘आहे.’

‘मग आठवड्यातून एकदा स्वतःहून कळवत जा की. सरकारी काम असल्यासारखा मीच फोन करायचा.’

मग मेहुण्यांचं गुडघेदुखीचं पुराण, मग शेजारीण कशी भांडली. मी ऐकत होतो. तिला मध्ये मध्ये हुंकार लागतो. आज हुंकारही नीट निघेना.

‘आवाजाला काय झालंय रे? फाटक्या पोत्यातून बोलल्यासारखा येतोय.’

‘सर्दी.’

‘महिनाभर? डॉक्टरला दाखव. ऐकतोस का?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘ऐकत नाहीयेस, मान हलवतोयस. फोनवर मान दिसत नाही, बाळा!’

मान हलवत होतो हे खरं.

९ फेब्रुवारी, सोमवार

चिपची मात्रा लागू पडली नाही. तीच सूचना. खराब, कचऱ्यात टाका.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज बाईंनी एका नव्या मॅकचा पडदा मला इथून दिसेल असा जोडून दिला. कॅमेराही लावला. सर म्हणतात मला. ‘सर म्हणू नका, मी कुणाला काही शिकवलेलं नाही’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘बरं सर.’

केंद्र पहिल्यांदा नीट पाहिलं. लांबट खोली, उंच खिडक्या, भिंतीला टेकून ओळीने नवी यंत्रं — सगळी मुकी. कोपऱ्यात एक जुना मॅक, त्यावर माझी जुनी बोलपाटी चालते. त्याच्यासमोर माणसांची रांग. आपापल्या खुर्च्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या. बोलायला रांग! एक आजीबाई पुढे सरकल्या, बटण दाबलं, आणि माझ्या आवाजात खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या नवऱ्यावर ओरडल्या, ‘चष्मा!’ तो उठून चष्मा घेऊन आला. त्या लगेच मागच्या माणसाला जागा देऊन उठल्या. अजून बरंच बोलायचं होतं त्यांना. तोंडावर दिसत होतं.

नव्या मॅकवर मी इथून आयकॉन दाबत होतो. आयकॉन एक उडी मारतो, सूचना येते, संपलं. पुन्हा दाबा, पुन्हा तेच.

बाईंना कुणीतरी हाक मारली, त्या गेल्या. कॅमेरा सुरूच. तेवढ्यात रांगेतला एक माणूस जुन्या मॅकपुढे बसला आणि त्याने मान वळवून कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या हाताने बाण सरकवू लागला. बाई मागे एकदा सांगत होत्या ते टेलरमास्तर हेच असणार, कारण गळ्यात मापाची फीत होती. दुकान बंद झालं तरी फीत काढत नाहीत म्हणे.

‘नमस्कार,’ — माझा आवाज.

मीही नमस्कार केला. त्याच आवाजात, जरा फाटक्या.

बराच वेळ बाण फिरला. ‘शर्ट.’ मग, ‘मोठा.’ मग, ‘खांदा.’ आणि स्वतःच्या खांद्यावर चार बोटं ठेवून खाली घसरवली. म्हणजे माझा खांदा उतरलाय, शर्टाचा! तयार शर्ट घेतला की असंच होतं म्हटलं. त्यांनी ताबडतोब बटण दाबलं — ‘चूक.’

स्वतःच्या आवाजात स्वतःला कुणी झापलेलं पहिल्यांदा ऐकलं. नानांनंतर पहिल्यांदा.

मग त्यांनी विचारलं, ‘जेवलात का?’

हा प्रश्न मीच म्हटलेला आहे, त्या कपाटात, गुडघे जवळ घेऊन. म्हणताना कुणाला विचारतोय असा विचारही केला नव्हता. शेवट किती लांबवायचा एवढंच पाहिलं होतं. आज तो माझ्याकडे आला. दुपारचे तीन वाजत होते.

‘हो,’ मी म्हणालो.

मास्तरांनी कॅमेऱ्यात नीट निरखून पाहिलं. बाण सरकला.

‘खोटं.’

हा शब्द नानांनी मागून घेतला होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवलो. बसून. ताट घेऊन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चौथ्यांदा पाठवली. फाइलींच्या परवानग्या तपासल्या, नावातला जोडाक्षराचा घोळ काढला, सगळं झाडून पुसून पाठवलं. नाही.

बाईंचा फोन. आवाज अवघडलेला. एक कंपनी आपला बोलका प्रोग्राम दाखवून गेली. पहिल्याच टिचकीला पंधरा मॅकवर उघडला. केंद्रप्रमुख म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बोलपाटी उघडली नाही तर तो घेऊन टाकू. ‘माणसं रांगेत उभी राहतात सर, मला बघवत नाही. तुम्हाला म्हणून आधी सांगते.’

बरोबर आहे त्यांचं. मलाही बघवलं नव्हतं.

‘कसा आहे त्यांचा आवाज?’ विचारलं.

‘गोड आहे. विमानतळावर सूचना देतात ना, तसा. पाणी मागतो तरी वाटतं, पाणी उशिरा सुटणार आहे.’

हसलो. हसताना खोकला आला, थांबेना.

‘मास्तरांना दाखवला,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी ऐकून घेतला, मग जुन्या मॅकवर जाऊन तीनदा “नाही” दाबलं. नाही-करकर, नाही-करकर, नाही-करकर. सगळी खोली हसली.’

करकर! म्हणजे त्यांना ती ऐकू येते. ‘नाही’ म्हणताना मी खुर्चीत मागे रेललो होतो, शब्दाच्या शेपटीला खुर्चीचा आवाज लागला. वर्षानुवर्षं मला तो दाढेत अडकल्यासारखा सलत होता. गेल्या महिन्यात नवा, स्वच्छ ‘नाही’ म्हणून घेतला. नव्या बोलपाटीत करकर नाही म्हणून सांगितलं.

‘अरेरे,’ बाई म्हणाल्या. ‘आम्हाला सवय झाली होती.’

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. उचलला नाही. निरोप पाठवला — कामात आहे. तिचं उत्तर — ‘काम बोलतं, तू का नाही बोलत?’

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी कुलूपवाल्याचा फोन. त्याने एक मॅक इथूनतिथून उकरून त्याची नोंद वाचली होती.

‘साहेब, एक विचारू? रागावू नका.’

‘विचारा.’

‘सील लावून झाल्यावर तुम्ही पॅकेजात हात घातलाय का?’

‘अजिबात नाही.’

‘एखादी फाइल इकडची तिकडे…’

‘एकदा सांगितलं ना, ना—’

आणि शब्द आलाच नाही. नुसती हवा. तोंड उघडं, जीभ जागेवर, आवाज नाही. तो ‘हॅलो? हॅलो साहेब?’ करत राहिला. त्याला वाटलं लाइन गेली. मी फोन ठेवला.

पाणी प्यायलो. थोड्या वेळाने घशातून काहीतरी निघू लागलं. मग खुर्चीत बसून शांतपणे आठवलं.

मॅकची रीत अशी. प्रोग्राम बांधून झाला की त्याला सील लावायचं. सीलमध्ये आतल्या प्रत्येक फाइलची खूण असते. प्रोग्राम बाहेरून आला की नवं यंत्र तो पहिल्यांदा उघडण्याआधी सगळ्या खुणा जुळवून पाहतं. एक जरी जुळली नाही तरी ते म्हणतं, वाटेत कुणीतरी हात मारलाय, हा माल खराब आहे. माझ्या मॅकवर प्रोग्राम बाहेरून आलेलाच नसतो, इथेच जन्मतो, म्हणून तो एवढी झडती घेत नाही. जुन्या यंत्रांवरही आजवर खपून गेलं होतं.

आणि मी काय करतो? सील लावतो. मग — सवयीने — सगळे शब्द एकदा ऐकतो. मग जो खटकेल तो पॅकेज उघडून बदलतो. गेल्या महिन्यात ‘नाही’ बदलला. सहा तारखेला पुन्हा बांधली, सील लावलं, ऐकलं, जुना ‘नाही’ परत आलेला दिसला — पुन्हा हाताने नवा घातला. चारही वेळा हेच. दर वेळी सील माझं, आणि दर वेळी फोडणारा मीच.

कुलूपवाल्याला खोटं सांगायचं नव्हतं. खरंच वाटत होतं की हात घातला नाही. हात घालणं म्हणजे बिघडवणं. मी तर नीट करत होतो!

एक ‘नाही’ सुधारायचा म्हणून पंधरा यंत्रं मुकी. माणसं रांगेत.

दुपारी त्याला फोन करून सांगितलं. हसला असता तर बरं झालं असतं. ‘होतं साहेब,’ म्हणाला, ‘हात असले की होतं.’

१८ फेब्रुवारी, बुधवार

काम सोपं होतं. नवा ‘नाही’ आधी घालायचा, मग सील लावायचं, मग हात मागे. दहा मिनिटांचं.

पण घालण्याआधी ऐकला. करकर नाही, खरं. पण आवाज खरखरीत. हा कसा पसंत केला मी? करकरीकडेच कान होते, बाकी ऐकलंच नाही. म्हटलं पुन्हा म्हणू. कपाटात बसलो. म्हटला. पुन्हा म्हटला. कोमट पाणी घेऊन म्हटला. सकाळ त्यातच गेली. एकही धड नाही.

मग तिन्ही पडद्यावर एकाखाली एक लावले — नानांच्या वेळचा, गेल्या महिन्यातला, आजचा. आवाजाचा आलेख मला वाचता येतो, जन्मभर तेच केलं. पहिल्याच्या रेघा कंगव्याच्या दातांसारख्या, सारख्या अंतरावर, शेवटी करकरीचं एक काटेरी झुडूप. दुसऱ्याचे मधले मधले दात पडलेले. तिसरा कंगवा नाहीच. झिजलेला ब्रश.

सर्दीने असं होत नाही. न बोलण्याने तर नाहीच नाही.

एखाद्या गिऱ्हाइकाने स्पीकर आणला असता आणि त्याचा आलेख असा दिसला असता, तर मी काय म्हटलं असतं? उघडून बघावं लागेल म्हटलं असतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जुना ‘नाही’ करकरीसकट ठेवला. सील लावलं. शब्द ऐकले नाहीत. दोन्ही हात काखेत धरून बसलो, पाठवून होईपर्यंत.

घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मंगळवारची मिळाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उघडली!!

बाईंनी कॅमेरा लावला होता. कुलूपवालाही पडद्याच्या एका चौकोनात — पहिल्यांदा तोंड पाहिलं. मला वाटलं होतं त्याहून वयस्कर, केस गेलेले, मागे कुणाची तरी सायकल भिंतीला टांगलेली. बाईंनी पहिल्या मॅकवर टिचकी मारली. एक उडी. मी श्वास धरला. पाटी उघडली. मग दुसऱ्यावर. मग त्या थांबल्याच नाहीत, ओळीने टिचक्या मारत गेल्या.

माणसं बसली. आणि मग जे झालं ते कसं लिहू? पंधरा ठिकाणांहून मी एकदम बोलू लागलो. ‘पाणी.’ ‘खिडकी उघडा.’ ‘माझी मुलगी कधी येणार?’ ‘गरम होतंय.’ ‘चष्मा!’ ‘हळू.’ ‘पाय दुखतो.’ ‘इकडे या.’ ‘तुम्ही नाही, त्या.’ एवढी गर्दी, एवढा गलका, आणि सगळा माझा! कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. बाई कानांवर हात ठेवून हसत होत्या.

टेलरमास्तर नव्या मॅकसमोर बसले. पहिलं बटण शोधून काढलं.

‘नाही.’ करकर.

समाधानाने मान डोलावली. मग माझ्याकडे वळून — ‘छान.’ थोडं थांबून — ‘शर्ट?’

तोच घातला होता. विसरलो होतो.

कुलूपवाला म्हणाला, ‘साहेब, आता कृपा करून त्याला हात लावू नका.’

मग सगळे आपापल्या कामाला लागले. पडदा काळा झाला. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की मी उगाच खुर्चीत मागे रेललो. करकरली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा आत सोडला. ‘पडद्यावर बघायचंय का?’ विचारलं. बघितलं. मी आतून कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं. दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडतात, मिटतात. एक नीट मिटत नाही. तिच्यावर काहीतरी बसलंय.

‘काम काय करता?’

‘आवाजाचं,’ म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

घशातून काढलेला तुकडा तपासून आला. जे वाटलं होतं तेच, कॅन्सर. नुसतं खरवडून भागणार नाही, फार पसरलंय. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. त्यानंतर जगेन. बोलणार नाही.

डॉक्टर समजावून सांगत होते. नंतर यंत्र लावून बोलण्याचे प्रकार असतात, शिकवणारे असतात, वेळ लागतो. ‘घरी कोण आहे?’ म्हणाले.

खुर्ची आहे म्हणणार होतो. बहीण आहे म्हटलं.

१ मार्च, रविवार

‘जिवंत आहेस का?’

‘आहे.’

आज नाही सांगितलं. तिची शेजारीण आता पुन्हा तिच्याशी बोलू लागली आहे, उलट बोलणं थांबवणं अवघड झालंय. ताई एकटीच तासभर बोलली. मी ऐकलं. प्रत्येक शब्द. शेवटी म्हणाली, ‘ऐकतोस ना?’

मान हलवली.

४ मार्च, बुधवार

केंद्राला गोड आवाज दाखवून गेलेल्या कंपनीचा माणूस फोनवर. मोठा मिठ्ठास. त्यांच्या प्रोग्रामला तिथे कुणी हात लावेना म्हणे, सगळ्यांना माझाच आवाज हवा. म्हणून त्यांना बोलपाटी विकत हवी. कोड नकोय त्यांना, तो हसतच म्हणाला. आवाज हवाय. सगळे शब्द, कायमचे. कराराचं एक कलम वाचून दाखवलं — त्यानंतर तो आवाज ‘मूळ व्यक्तीसह’ अन्य कुणी अशा कामासाठी वापरायचा नाही. केंद्रालाही मग तो कंपनीकडूनच घ्यावा लागेल.

‘तुम्हाला काय फरक पडतो?’ तो म्हणाला. ‘तुमच्याकडे तुमचा आहेच की!’

आकडा सांगितला. इथे लिहीत नाही. लिहिला की बघत बसेन. दवाखान्याच्या आकड्याहून कितीतरी मोठा आहे, आणि दवाखान्याचा मला पेलवणारा नाही.

विचार करून सांगतो म्हटलं. ‘घ्या वेळ,’ म्हणाला, ‘घसाही बरा होऊ द्या.’

७ मार्च, शनिवार

आज बोलपाटीसमोर गिऱ्हाईक म्हणून बसलो. दुकानात आलेल्या माणसाशी बोलता येईल का? ‘उद्या या’ आहे. ‘किती’ आहे. ‘फ्यूज’ नाही. ‘गंज’ नाही. ‘मला वाटलंच होतं’ नाही — आणि हे मी दिवसातून चारदा म्हणतो.

मग एक शब्द शोधला. होता तो. नानांना रोज लागायचा, ती येईपर्यंत दाबत बसायचे. केंद्राला पाटी देताना मी यादी घासून पुसून नेटकी केली, घरगुती शब्द गाळले. त्यात तो गेला. मूळ फाइलही पुसलेली.

कपाटात बसलो. खरखरीत तर खरखरीत. दोन अक्षरं. चौथ्या खेपेला बरी निघाली. ती घातली. मग सील लावलं. आधी घातली, मग सील!

मग फोन लावला. आज रविवार नाही. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, ‘काय झालं?’

‘ताई,’ म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ती बराच वेळ बोलली नाही. आमच्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं. मग म्हणाली, ‘बॅग भरून ठेव. आणि तो ढगळ शर्ट नको आणूस.’

तिला शर्टाचं कुणी सांगितलं?

१२ मार्च, गुरुवार

उद्या ऑपरेशन. कुलूपवाल्याचा निरोप — ‘पंधराही उघडतायत साहेब. काही करू नका.’

२४ मार्च, मंगळवार

कंपनीवाल्याचा फोन. फोन मॅकसमोर ठेवला, स्पीकर सुरू केला. त्यानेच पुन्हा सगळं म्हणून दाखवलं — बोलपाटी, तिच्यातला शब्द न् शब्द, आवाज कायमचा त्यांचा. चाळीस लाख. ‘मग, हो समजू ना साहेब?’

टिचकी मारली.

‘नाही.’

‘अरे वा, घसा खणखणीत झाला की!’ तो म्हणाला. ‘फक्त खुर्ची बदला, फार करकरते. एवढ्यात उठू नका, पुन्हा विचार करा. चाळीस लाख.’

खुर्ची घरी आहे. मी दवाखान्याच्या पलंगावर होतो, पाठीला ताईची उशी. पुन्हा टिचकी मारली.